मित्राने दिलेला चित्रपट

साठी ओलांडलेल्या रुग्णाचा रक्तदाब मोजून झाला, औषधांची चिठ्ठी लिहून झाली, की अलीकडे मी एक प्रश्न हमखास विचारतो : "इतक्यात एखादा चांगला चित्रपट पाहिलात का?" बहुतेक जण हसतात. डॉक्टरने झोप, भूक, पोट यांची चौकशी करावी. चित्रपटाशी त्याला काय करायचे आहे, असा भाव त्या हसण्यात असतो. उत्तरही बहुधा ठरलेले असते. "टीव्ही दिवसभर चालूच असतो डॉक्टर, पण पाहण्यासारखे काही नसते." मग मी दुसरा प्रश्न विचारतो : "अमुक चित्रपट तुम्ही पाहायलाच हवा, असे तुम्हाला कुणी शेवटचे केव्हा सांगितले?" इथे मात्र हसू मावळते. पुष्कळ आठवूनही उत्तर सापडत नाही.

पहिला प्रश्न करमणुकीचा आहे, दुसरा सोबतीचा. उतारवयात आपल्यासाठी निर्णय घेणारी माणसे वाढत जातात. औषध डॉक्टर ठरवतो, जेवणातले मीठ सून ठरवते, टीव्हीवर काय लागेल ते नातवंडे ठरवतात. हे सारे काळजीपोटीच असते. परंतु "हे तुला आवडेल" असे म्हणून आपल्यासाठी मुद्दाम काही निवडणारा माणूस मात्र दुर्मिळ होत जातो. तसे म्हणायला समोरच्याची आवड ठाऊक असावी लागते. तो कशाने हसतो, कशाने गप्प होतो हे माहीत असावे लागते. म्हणजेच मित्र असावा लागतो.

मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मी शिकत होतो, तो काळ १९८५ नंतरचा. वसतिगृहात वर्गणी काढून एका रात्रीपुरता रंगीत टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेट भाड्याने आणल्या जात. पहिल्या दोन कॅसेट बहुमताने ठरत आणि त्या अर्थातच गाजलेल्या चित्रपटांच्या असत. तिसरी निवडण्याचा मान आळीपाळीने एकेकाला मिळे. ती लागेपर्यंत पहाटेचे तीन वाजलेले असत आणि निम्मी मंडळी सतरंजीवर घोरत असत. अशाच एका पहाटे माझ्या एका वर्गमित्राने ‘जाने भी दो यारो’ लावला. कुंदन शाह यांनी राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या तुटपुंज्या निधीत १९८३ साली केलेला हा चित्रपट आमच्यापैकी कुणी पाहिलेला नव्हता. शेवटाकडे महाभारताच्या नाटकाचा प्रवेश सुरू झाला आणि जागे असलेले असे काही हसले, की झोपलेले उठून बसले. मग तो विलक्षण कडू शेवट आला आणि हसणारी खोली शांत झाली. त्या मित्राचे तेव्हाचे तोंड मला अजून आठवते. पडद्याकडे त्याचे लक्षच नव्हते. तो आमच्याकडे पाहत होता. आपल्याला आवडलेली गोष्ट दुसऱ्यालाही आवडते आहे, हे पाहण्याचे सुख काय असते, ते त्या पहाटे कळले.

हातोहात जगलेले चित्रपट

प्रदर्शनाच्या वेळी ज्यांच्याकडे फारसे कुणी वळले नाही, परंतु मोजक्या चाहत्यांनी ज्यांना जपले आणि पुढे नेले, अशा चित्रपटांना ‘कल्ट’ चित्रपट म्हणण्याची पद्धत आहे. जाहिरातींच्या बळावर असे चित्रपट टिकत नाहीत. कुणीतरी कुणालातरी आग्रहाने दाखवतो, म्हणून ते टिकतात. आपल्याकडे या आग्रहाला संस्थांचे रूपही आले. सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता आणि त्यांच्या मित्रांनी १९४७ साली कलकत्त्यात फिल्म सोसायटी सुरू केली. मुंबईत १९६८ साली ‘प्रभात चित्र मंडळ’ स्थापन झाले. पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभे राहिले आणि पी. के. नायर यांनी विस्मृतीत चाललेल्या किती तरी चित्रफिती तेथे जमवल्या. या सर्वांच्या मुळाशी एकच साधी इच्छा होती : मला मिळालेले दुसऱ्यालाही मिळावे.

आमच्या वसाहतीतही गेली काही वर्षे असा एक छोटा उपक्रम चालतो. त्याला नाव नाही, वर्गणी नाही, अध्यक्ष तर नाहीच. एक शनिवार सोडून दुसऱ्या शनिवारी दुपारी चार वाजता आम्ही सात-आठ जण कुणाच्या तरी बैठकीत जमतो. मी सोडून सारे सत्तरीच्या आसपासचे वा त्यापुढचे. नियम दोनच. चित्रपट निवडणाऱ्याने तो स्वतः पाहिलेला आणि मनापासून आवडलेला असावा; आणि जमलेल्यांपैकी निम्म्यांनी तरी तो पाहिलेला नसावा. सुरुवातीला निवडणाऱ्याने पाच मिनिटे सांगायचे, की हाच का आणला. शेवटी चहा आणि बोलणे. खरे सांगायचे तर पुष्कळदा बोलणे चित्रपटापेक्षा लांबते.

एक उदाहरण देतो. आमच्यातील सर्वांत वडीलधारे नाना एक्याऐंशी वर्षांचे, निवृत्त शिक्षक. त्यांनी एकदा ‘ऊन पाऊस’ आणला. राजा परांजपे यांचा १९५४ सालचा हा मराठी चित्रपट. आयुष्यभर मुलांना शिकवलेल्या मास्तरांना आणि त्यांच्या पत्नीला म्हातारपणी मुलांच्या घरी वेगवेगळे राहावे लागते, ही त्याची कथा. चित्रपट संपल्यावर खोलीत दोन तट पडले. काहींना मुलांचा राग आला, काहींना मुलांच्या अडचणी दिसल्या. तो वाद मनात राहिला, म्हणून पुढच्या वेळी मी यासुजिरो ओझू यांचा ‘टोकियो स्टोरी’ नेला. १९५३ सालचा हा जपानी चित्रपट. ओनोमिचीहून म्हातारे आईवडील मुलांना भेटायला टोकियोला येतात. मुले वाईट नाहीत, नुसती कामात बुडालेली आहेत. ती आईवडिलांना गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या आतामीला पाठवून देतात. खरी माया लावते ती विधवा धाकटी सून. यातील थोरला मुलगा डॉक्टर आहे. रविवारी तो आईवडिलांना शहर दाखवायला निघतो आणि ऐनवेळी रुग्णाचे बोलावणे येते. त्या दृश्यावर सगळ्यांनी एकदम माझ्याकडे वळून पाहिले. इंग्रजी उपशीर्षके नाना मोठ्याने मराठीत वाचून दाखवत होते, तेही क्षणभर थांबले.

त्यानंतरच्या शनिवारी आमच्यातील ताईंनी या सर्वांची थोरली बहीण शोभेल असा चित्रपट शोधून आणला : लिओ मॅकेरी यांचा १९३७ सालचा अमेरिकन ‘मेक वे फॉर टुमारो’. घर गमावलेले वृद्ध जोडपे, पाच मुले, आणि दोघांना एकत्र ठेवून घेणारा एकही नाही. हा चित्रपट तेव्हा चालला नाही. त्याच वर्षीच्या एका विनोदी चित्रपटासाठी मॅकेरी यांना ऑस्कर मिळाले, तेव्हा पारितोषिक चुकीच्या चित्रपटाला दिले गेले, असे त्यांनी जाहीरपणे म्हटले होते. ओझूंचे पटकथाकार कोगो नोदा यांनी हा चित्रपट पाहिलेला होता आणि ‘टोकियो स्टोरी’च्या जडणघडणीत त्याचा वाटा मानला जातो. म्हणजे एका उपेक्षित चित्रपटाने समुद्रापलीकडे दुसऱ्याला जन्म दिला. तीन शनिवार, तीन देश आणि एकच प्रश्न. स्वतःच्या मुलांविषयी चारचौघांत चकार शब्द न काढणारी माणसे त्या तीन शनिवारी पडद्यावरच्या मुलांविषयी बोलता बोलता पुष्कळ काही बोलून गेली.

भाऊंचा शनिवार

या उपक्रमाचे मोल मला ज्यांच्यामुळे नीट उमगले, त्या भाऊंविषयी त्यांच्या संमतीने लिहितो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. भाऊ बँकेतून निवृत्त झालेले. वहिनींना अल्झायमरचा आजार जडून चार वर्षे झाली होती. पहिले काही महिने भाऊ शनिवारी नियमाने येत. मग उशिरा येऊ लागले, लवकर उठू लागले आणि एके दिवशी यायचे थांबले. दवाखान्यात आले तेव्हा त्यांचे वजन सहा किलोंनी उतरले होते, रक्तदाब चढला होता, झोप तुकड्यातुकड्यांत येत होती. "मला काही झालेले नाही," ते म्हणाले, "हिचेच काय ते पाहा." घरात दीर्घकाळ आजारी माणूस असलेल्या कुटुंबांत हे वाक्य मी फार वेळा ऐकतो. एका खाटेवरच्या आजाराचे पुष्कळदा दोन रुग्ण असतात आणि दुसऱ्याची नोंद कुठल्याच फाइलीत नसते.

शनिवारी हा विषय निघाला तेव्हा नाना म्हणाले, "त्याला इथे येणे जमत नसेल, तर शनिवार त्याच्याकडे नेऊ." आम्ही भाऊंकडे गेलो आणि सई परांजपे यांचा ‘कथा’ लावला. १९८३ सालचा, मुंबईच्या चाळीत घडणारा, ससा आणि कासवाच्या गोष्टीवर बेतलेला हा हसरा चित्रपट. वहिनींचे बालपण गिरगावातल्या चाळीत गेले होते. पडद्यावर चाळीची लांब गॅलरी दिसली तशा त्या सावरून बसल्या. कथा त्यांना कळत नव्हती, पण माणसे येताजाताना दिसली की त्या ओळखीचे हसत. "हे कुणाचे घर?" असे त्यांनी चार-पाच वेळा विचारले. ताई दर वेळी तितक्याच सहजपणे म्हणाल्या, "आपलेच, वहिनी." ताई निवृत्त परिचारिका आहेत, कुठे दुरुस्त करायचे आणि कुठे नाही, हे त्यांना चांगले ठाऊक आहे. भाऊ मात्र दोन तास खुर्चीत निवांत बसले. गेल्या कित्येक महिन्यांत ते असे बसले नव्हते.

पुढे एक अवघड प्रश्न आला. ‘अस्तु’ हा चित्रपट भाऊंना दाखवावा, असे ताईंना वाटत होते. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी २०१३ साली केलेला हा मराठी चित्रपट. यातील संस्कृतचे व्यासंगी शास्त्री अल्झायमरने ग्रासलेले आहेत. ही भूमिका डॉ. मोहन आगाशे यांनी केली आहे, जे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत. हा चित्रपट जितका पाहिला जायला हवा होता, तितका पाहिला गेला नाही. नानांचा मात्र विरोध होता. "जे त्याच्या घरात चोवीस तास चालले आहे, तेच पुन्हा पडद्यावर कशाला?" मला दोघांचेही पटत होते. शेवटी असे ठरले, की भाऊंसाठी आपण निवडायचे नाही. असा एक चित्रपट आहे, त्यात असे असे आहे, एवढे सांगायचे आणि गप्प बसायचे.

दोन महिने काही झाले नाही. मग एका रात्री त्यांचा फोन आला. "डॉक्टर, तो हत्तीचा चित्रपट पाहू या. पण हिच्यासमोर नको."

माझ्या घरी आम्ही तो पाहिला. ताई वहिनींजवळ थांबल्या. मुलीच्या गाडीत बसलेले शास्त्री रस्त्यावरचा हत्ती पाहून त्याच्यामागे चालू लागतात आणि हरवतात. मुलगी त्यांना शहरभर शोधत राहते. इकडे हत्तीवाल्याची गरीब बायको त्यांना लेकरासारखे सांभाळते आणि ते तिला आई म्हणू लागतात. ही भूमिका करणाऱ्या अमृता सुभाष यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रपट संपला, तेव्हा भाऊ उठून गॅलरीत गेले. नाना त्यांच्यामागे गेले आणि काही न बोलता शेजारी उभे राहिले. बऱ्याच वेळाने भाऊ म्हणाले, "ती बाई त्यांना काहीही आठवायला सांगत नाही हो. मी हिला दिवसभर आठवायलाच सांगतो. आज वार कोणता, हा फोटो कुणाचा, माझे नाव काय."

हेच मी त्यांना दवाखान्यात यापूर्वी सांगितले होते. या आजारात वारंवार परीक्षा घेतल्याने स्मृती परतत नाही, उलट रुग्ण बिथरतो, हे वैद्यकीय दृष्ट्या बिनचूक वाक्य त्यांनी ऐकलेही होते. पण ऐकणे आणि पटणे यांत जे अंतर असते, ते त्या संध्याकाळी कापले गेले. पुढच्या आठवड्यात भाऊंनी प्रश्न विचारणे सोडले. दुपारी चार तासांसाठी मदतनीस ठेवायलाही ते तयार झाले. ही गोष्ट मुले वर्षभर सांगत होती. आजार थांबला नाही. तो थांबत नाही, आणि वहिनी आता पूर्वीपेक्षा कमी बोलतात. पण भाऊंची झोप सुधारली, वजन थोडे भरले आणि घरातला आवाज खाली आला.

औषध किती, सोबत किती

चित्रपटाला औषध म्हणण्याचा मोह मी टाळतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी इंग्लंडमधील पन्नाशी ओलांडलेल्या दोन हजारांहून अधिक व्यक्तींचा सुमारे दहा वर्षांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध केला. दर काही महिन्यांनी चित्रपट, नाटक वा संग्रहालय पाहायला जाणाऱ्यांत नैराश्य येण्याचा धोका ३२ टक्क्यांनी, तर महिन्यातून एकदा वा अधिक वेळा जाणाऱ्यांत ४८ टक्क्यांनी कमी आढळला. अशा अभ्यासातून संबंध दिसतो, कार्यकारणभाव पक्का होत नाही. ज्यांची प्रकृती बरी, तेच अधिक बाहेर पडतात, हेही खरे. तथापि ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाला हातभार लावणारे, पण टाळता येण्याजोगे जे १४ घटक सांगितले, त्यांत सामाजिक एकाकीपण, नैराश्य, ऐकू कमी येणे आणि दृष्टिदोषावर उपचार न होणे हे चारही आहेत. आमच्या शनिवारमुळे एक लाभ नक्की झाला : दोघांना ऐकू कमी येते, हे संवाद कळेनात तेव्हा लक्षात आले आणि एकांचा मोतीबिंदू उपशीर्षके वाचता येईनात तेव्हा सापडला.

असा उपक्रम सुरू करायचा झाल्यास काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. वेळ दुपारची असावी. रात्रीच्या चित्रपटाने झोप मोडते आणि स्मृतिभ्रंश असलेली माणसे दिवेलागणीला अधिक अस्वस्थ होतात. खोलीत पूर्ण अंधार करू नये. वाटेत वायर आणि पायपुसणी नसावीत. तोल जाऊन पडण्याचा धोका कुठल्याही चित्रपटाहून मोठा असतो. दर पाऊण तासाने चित्रपट थांबवावा, सर्वांनी उठून चार पावले चालावे. पायांवरची सूज आणि लघवीची निकड दोन्ही आटोक्यात राहतात. लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांनी तिची वेळ डॉक्टरांना विचारून ठरवावी, पण कार्यक्रमासाठी गोळी चुकवू नये. कानाचे यंत्र लावूनच बसावे. चहासोबत खारट चिवड्याऐवजी फुटाणे वा फळे ठेवावीत.

निवडीबाबतही थोडे तारतम्य हवे. व्हित्तोरिओ दे सिका यांचा ‘उंबेर्तो डी’ हा १९५२ सालचा इटालियन चित्रपट मला अत्यंत प्रिय आहे. तुटपुंज्या निवृत्तिवेतनावर रोममध्ये कुत्र्यासह जगणाऱ्या एकाकी वृद्धाची ही कथा. प्रमुख भूमिका भाषाशास्त्राच्या एका प्राध्यापकांनी केली, ज्यांनी पूर्वी कधी अभिनय केला नव्हता. परंतु त्यातील निराशा गडद आहे. ज्याचा जोडीदार नुकताच गेला आहे वा ज्याचे नैराश्यावर उपचार चालू आहेत, त्याच्या हाती असा चित्रपट एकट्याने पाहण्यासाठी देऊ नये. आणि कुणी "जगणे नकोसे झाले" असे बोलून दाखवले, तर चित्रपट बाजूला ठेवून त्याला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

काळजी घेणाऱ्या वाचकांना एक विनंती. घरातील वृद्धांना चित्रपट दाखवता, तसे त्यांनाही एखादा निवडू द्या आणि तो त्यांच्याशेजारी बसून पाहा. त्यांचा आवडता कृष्णधवल चित्रपट तुम्हाला संथ वाटेल. अर्ध्या तासाने तो वेग अंगवळणी पडतो, आणि तुमच्या आईवडिलांना विशीत काय आवडत होते, हे तुम्हाला कळते. विस्मरण झालेल्या माणसालाही तरुणपणातील चेहरे आणि चाली पुष्कळदा ओळखीच्या वाटतात. तिथवरचा रस्ता अजून खुला आहे, तोवर त्यावरून चालून घ्यावे.

येत्या शनिवारी पाळी भाऊंची आहे. त्यांनी ‘एक होता विदूषक’ निवडला आहे. जब्बार पटेल यांचा १९९२ सालचा हा चित्रपट, पटकथा पु. ल. देशपांडे यांची आणि सदैव हसवणाऱ्या लक्ष्मीकांत बेर्डे यांची वेगळीच, गंभीर भूमिका. आमच्यापैकी पाच जणांनी तो पाहिलेला नाही. भाऊंनी पाच मिनिटांच्या बोलण्यासाठी कागदावर टिपणे काढली आहेत, असे मदतनीस बाईंकडून कळले. ती टिपणे ते दुपारी वहिनींना वाचून दाखवतात.